खोकला कुणाच्या कामाचा?
जंतू आणि आपण : लेखांक ६

गेल्या आठवड्यात पटकीचा जंतू पाहिला. त्याची रीत सरळ आहे. आतड्याच्या अस्तरावर बसायचं आणि विष सोडायचं, बाकीचं सगळं ते विष बघून घेतं. धनुर्वात आणि घटसर्पाचीही तीच तऱ्हा. क्षयाचा जंतू मात्र या हिशेबात बसत नाही. त्याच्याकडे तसलं जहाल विष नाही. वाढतोही अतिशय सावकाश. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो. तरीही फुप्फुसाला भोकं पडतात, माणूस वाळत जातो, रक्त ओकतो. मग ही भोकं पाडतं कोण?

रुग्ण खोकतो तेव्हा उडालेले मोठे थेंब आपल्या नाकाघशातच अडकतात. हवेत सुकून हलके झालेले, एक ते पाच मायक्रॉनचे कण मात्र थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी फिरत असतात. परकं काही दिसलं की गिळायचं, हे त्यांचं काम. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो, पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन तिला मिळते आणि जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू नेमका हा मिलाफच रोखतो. मेणचट आवरणातला हा जंतू गिळला जातो, पण पचत नाही. ज्या पेशीने त्याला मारायचं तिच्यातच तो बिऱ्हाड थाटतो.

शरीराला याची खबरही उशिराच लागते. जंतूचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथीत पोहोचून तिथल्या टी-पेशी तयार व्हायला काही आठवडे जातात. टी-पेशी फुप्फुसात आल्या की इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात. त्याने भक्षक पेशींना जोर चढतो आणि आजवर न पचलेले जंतूही मरू लागतात. जे मरत नाहीत त्यांच्याभोवती पेशींचे थर जमून एक गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. बहुतेकांची गोष्ट इथेच थांबते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग होऊन गेलेला आहे असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या पाच-दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. प्रतिकारशक्तीच्या बाजूने ही कामगिरी छोटी नाही.

ज्यांच्यात गोष्ट थांबत नाही, त्यांच्या गाठीचा मधला भाग मरतो आणि पनीरच्या चुऱ्यासारखा होतो. पुढे तो पातळ होऊन श्वासनलिकेत फुटतो. मागे पोकळी राहते, तिच्यात हवा खेळते आणि जंतू बेसुमार वाढतात. खोकल्याबरोबर ते बाहेर पडतात. ही पोकळी कोरण्यात जंतूपेक्षा आपल्याच पेशींचा, त्यांनी सोडलेल्या ऊती विरघळवणाऱ्या द्रव्यांचा हात मोठा आहे.

याचा पहिला पुरावा फार क्रूर पद्धतीने मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. १८९० मध्ये त्यांनी आपल्याला इलाजही सापडल्याचं सांगितलं. त्यांचं ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयजंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क होता, त्यात जिवंत जंतू नव्हते. बर्लिनला रुग्णांची रीघ लागली. निरोगी माणसाला या इंजेक्शनने फारसं काही होत नसे. क्षयाच्या रुग्णाला मात्र सणकून ताप भरे, आणि जिथे क्षय होता ती जागा लाल होऊन सुजे. काही रुग्ण दगावले. पुढे रुडॉल्फ विर्खो यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की आतला आजार बरा होण्याऐवजी भडकला होता. जिवंत जंतू टोचला नव्हता, विषही नव्हतं. जंतूची ओळख पटलेली प्रतिकारयंत्रणा फक्त खवळली होती. ट्युबरक्युलिन औषध म्हणून गेलं, संसर्ग ओळखण्याची त्वचेवरची चाचणी म्हणून उरलं. (जंतू ओळखता येऊनही हाती औषध नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडे आनंदीबाई जोशींच्या बाबतीत दिसलं. त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं.)

दुसरा पुरावा एचआयव्हीच्या साथीने दिला. एचआयव्हीमुळे टी-पेशी फार घटलेल्या रुग्णाला क्षय झाला तर जंतू अंगभर पसरतात आणि जिवावर बेततं. पण त्याच्या फुप्फुसात पोकळ्या मात्र कमी दिसतात आणि बेडक्यात जंतू अनेकदा सापडत नाहीत. एचआयव्हीची औषधं सुरू होऊन टी-पेशी परतल्या की काहींची तब्येत उलट बिघडते. ताप चढतो, गाठी सुजतात. म्हणून मग प्रतिकारशक्तीच दाबून टाकावी, असंही नाही. संधिवातावरची काही औषधं दाहाला लागणारा टीएनएफ नावाचा रेणू अडवतात. ती घेणाऱ्या काहींचा निद्रिस्त क्षय उठतो, हे २००१ मध्ये लक्षात आलं. दाह हवाच, फक्त बेताचा.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो २०१० मधला शोध. बरेच जंतू आपली ओळख पटू नये म्हणून पृष्ठभाग बदलत राहतात, फ्लूचे विषाणूही तेच करतात. क्षयाच्या जगभरातल्या २१ वाणांची जनुकं तपासली तेव्हा उलटंच दिसलं. टी-पेशी ज्या तुकड्यांवरून त्याला ओळखतात, तेच तुकडे त्याने जवळजवळ न बदलता जपले होते. अर्थ असा लागतो की ओळखलं जाणं त्याच्या फायद्याचं आहे. आपण चवताळून हल्ला केल्याशिवाय पोकळी होत नाही, आणि पोकळीशिवाय तो दुसऱ्याच्या फुप्फुसात सहजासहजी पोहोचत नाही. ‘जंतूंविरुद्धचं युद्ध’ ही आपली लाडकी कल्पना इथे लंगडी पडते.

मग कुणाचा तोल टिकतो आणि कुणाचा ढळतो? मधुमेहाने धोका दोन-तीन पट होतो. पण आपल्या देशात सगळ्यांत मोठं कारण उपासमार. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ज्या घरांत सगळ्यांना दरमहा जादा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वं मिळाली, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. एवढा परिणाम लशीने केला असता तर पहिल्या पानावर बातमी आली असती.

क्षयावरची लस जगात आहेच, १९२१ पासून. लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती चांगली वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाला मात्र फारशी उपयोगी पडत नाही. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.