उन्हाचे मोल

सोन्यासाठी पूर्वी माणसाला कोलारच्या खाणीत हजारो फूट खोल उतरावे लागे. बिटकॉइनची खाण मात्र राहत्या घरातही चालू शकते. २००९ साली जन्मास आलेल्या या अदृश्य चलनाची खातेवही जगभरचे संगणक मिळून सांभाळतात. वहीत नवे पान जोडण्याचा मान मिळावा म्हणून यंत्रांमध्ये आकड्यांच्या अटकळींची अखंड शर्यत चाललेली असते. सुमारे दर दहा मिनिटांनी एकजण ती जिंकतो. एप्रिल २०२४ मध्ये हे पारितोषिक निम्म्यावर येऊन ३.१२५ बिटकॉइन झाले.

मग गच्चीवर सौरसंच बसवून फुकटच्या उन्हावर असे यंत्र का चालवू नये? प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर हिशेबात आहे.

या कामाचे एक नेहमीचे यंत्र सुमारे सव्वातीन किलोवॅट, म्हणजे दिवसरात्र मिळून ७८ युनिट वीज घेते. आपल्याकडील उन्हात एक किलोवॅटचा सौरसंच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे तीन किलोवॅटच्या घरगुती संचाची दिवसभराची कमाई हे यंत्र चार तासांच्या आत फस्त करते. ते अहोरात्र चालवायचे तर वीस किलोवॅटचा संच आणि बॅटऱ्यांची रांग हवी. शिवाय ही सारी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. तीन इस्त्र्या एकाच खोलीत सतत तापत ठेवाव्यात, तसा हा प्रकार होय.

आता प्राप्ती पाहावी. जगातील एकूण गणनशक्तीत अशा एका यंत्राचा वाटा साधारणपणे कोटीत एक. एकट्याने शर्यत जिंकण्यास सरासरी दोन शतके लागतील! म्हणूनच लोक संघ करून बक्षीस वाटून घेतात. त्यातही २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला. यंत्राचा व विजेचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

ऊन फुकट असले, तरी त्यापासून झालेली वीज फुकट नसते. जी युनिटे यंत्राला द्यावी, तीच घरातील दिवे-पंखे चालवून बिल कमी करू शकतात. ज्याला ही विद्या केवळ शिकावयाची आहे, त्याने वीसएक वॅटचे छोटे यंत्र एखाद्या लहान पॅनेलवर जरूर चालवावे. त्यातून ज्ञान खात्रीने मिळेल. धनाच्या आशेने मात्र घरची पुंजी त्यात गुंतवू नये.