छावणीचे दप्तर आणि ठाण्याचे दप्तर

नाशिककरांना लष्कर परके नाही. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकापासून आपल्या शेजारी नांदत आहे. विलायतेस परत जाण्यासाठी आगबोटीची वाट पाहत येथे कुजत पडलेल्या गोऱ्या सोल्जरांनी तर देवळालीच्या नावावरून वेडसरपणाला एक शब्दच इंग्रजी भाषेस बहाल केला! स्वातंत्र्यानंतर तोफखान्याची शाळा येथे आली. नाशिक रोडच्या अंगास तोफखान्याचे केंद्र आहे, गांधीनगरला लष्करी वैमानिकांचे शिक्षण चालते, आणि शहराच्या दुसऱ्या टोकास, त्र्यंबक रस्त्यावर, राज्याच्या पोलीस अधिकाऱ्यांस घडविणारी प्रबोधिनी उभी आहे. एकाच गावात तोफखान्याचा जवान आणि उद्याचा फौजदार असे दोघेही तयार व्हावेत, असा योग फार थोड्या शहरांच्या वाट्यास येतो. म्हणूनच एक प्रश्न नाशिकने विचारणे उचित ठरेल. या दोघांची दप्तरे एकमेकांस कोठे भेटतात? आणि भेटत नसतील, तर त्याची किंमत कोण भरतो?

लष्करी पोलीस म्हटला की लाल टोपीचा, दंडावर पट्टी बांधलेला, चौकात वाहनांस दिशा दाखविणारा जवान आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु त्याचे काम एवढ्यावर संपत नाही. रजा संपूनही न परतलेल्यांचा शोध, छावणीतील चोरी-मारामारीची पहिली चौकशी, आरोपीची कोठडी, साक्षीपुराव्यांची जपणूक, हे सारे त्याच्याकडे येते. आणि या प्रत्येक कामामागे एक कागद असतो. कोणी, केव्हा, कोणाविरुद्ध, काय केले आणि पुढे त्याचे काय झाले, याची ती नोंद होय. शाळेच्या हजेरीपटात ज्या मुलाचे नाव गळाले त्याची शिष्यवृत्ती बुडते, आणि ज्याच्या नावापुढे भलत्याचीच गैरहजेरी लागली तो विनाकारण छडी खातो, हे ज्याने वर्ग सांभाळला आहे त्यास सांगावयास नको. न्यायाच्या दप्तरातही हीच दोन पापे घडतात. मात्र तेथे शिष्यवृत्ती व छडी यांच्या जागी माणसाचे आयुष्य असते.

आपल्या कायद्याने जवानास दुहेरी अंमलाखाली ठेवले आहे. १९५० च्या लष्करी कायद्याप्रमाणे त्याच्यावर कोर्ट मार्शल चालते. परंतु तो देशाचा नागरिकही असल्यामुळे सामान्य फौजदारी न्यायालयही त्याचा न्याय करू शकते. लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावर बलात्कार, हे गुन्हे प्रत्यक्ष युद्धसेवेत, परदेशी वा सरहद्दीच्या ठाण्यावर घडले असल्याखेरीज कोर्ट मार्शलपुढे चालत नाहीत. इतर पुष्कळ गुन्ह्यांत मात्र दोन्ही दारे उघडी असतात, आणि खटला कोणत्या दाराने न्यावयाचा याची निवड कलम १२५ ने लष्कराच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सोपविली आहे.

ही निवड सुरळीत व्हावी म्हणून केंद्र सरकारने १९७८ साली नियम केले. त्यांची रचना सुबोध आहे. असा आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे आला की त्याने त्याच्या कमांडिंग ऑफिसरला लेखी नोटीस द्यावी आणि सामान्यतः पंधरा दिवस वाट पाहावी. लष्कराने मागणी केल्यास आरोपी त्याच्या हवाली करावा. त्यानंतर लष्कराने त्याच्यावर कोर्ट मार्शल चालविले किंवा अन्य परिणामकारक कारवाई केली, हे मॅजिस्ट्रेटला कळवावे. काहीच केले नसेल, तर मॅजिस्ट्रेटने राज्य सरकारकडे तसा अहवाल धाडावा. म्हणजे कागद एकदा शहरातून छावणीकडे जावयाचा आणि एकदा छावणीतून शहराकडे परत यावयाचा. परंतु सुज्ञ वाचकांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. जाणाऱ्या कागदास पंधरा दिवसांचे बंधन आहे. परत येणाऱ्या कागदास मात्र 'शक्य तितक्या लवकर' एवढाच शब्द आहे. सरकारी कचेरीत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे ज्याने एखादा सातबारा किंवा दाखला मागितला आहे त्याला पुरते ठाऊक आहे.

ही केवळ शब्दांची कीस काढणे नव्हे. सिक्कीममध्ये डिसेंबर २०१४ मध्ये एका सैनिकाने आपल्याच पलटणीतील सहकाऱ्यावर गोळ्या झाडून त्याचा खून केल्याचा आरोप झाला. खटला सेशन्स कोर्टापुढे चालावा की कोर्ट मार्शलपुढे, याच वादात तो अडकला. सेशन्स कोर्ट एक म्हणाले, उच्च न्यायालयाने त्यास दुजोरा दिला, आणि अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. लष्कराच्या अधिकाऱ्याने आपला निवडीचा अधिकार वापरला नसेल तर फौजदारी न्यायालयाचा अधिकार अबाधित राहतो, असे त्याने स्पष्ट केले. सात वर्षे उलटली, ती गुन्हा घडला की नाही हे ठरविण्यात नव्हे, तर तो कोणी ठरवावा हे ठरविण्यात! मृताच्या घरच्यांनी ती सात वर्षे कशी काढली असतील, याचा विचार केलेला बरा. कोर्ट मार्शलला तर सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीचेही बंधन आहे. कागद रेंगाळला की एक दार हळूहळू आपोआप बंद होऊ लागते.

आपल्या राज्यापुरते पाहावयाचे तर नानावटी खटल्याचे स्मरण होते. त्या खटल्याच्या भावनिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले. दप्तराची बाजू मात्र सहसा कोणी पाहत नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी कमांडर नानावटी यांनी आपल्या जहाजाच्या कोठारातून खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. मुंबईत गोळीबार झाल्यावर ते प्रथम गेले ते नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलच्या घरी, म्हणजे नौदलाच्या पोलीसप्रमुखाकडेच. त्याने त्यांना छावणीत दडवून ठेवले नाही; शहराच्या पोलीस उपायुक्तांकडे हजर होण्यास सांगितले. पुढे जहाजावरील काडतुसे आणि प्रोव्होस्ट मार्शलची साक्ष, ही दोन्ही न्यायालयापुढे आली. पहिल्या दिवशी माहिती छावणीतून ठाण्यापर्यंत सरळ गेली, आणि म्हणूनच खटला उभा राहिला.

परंतु त्याच प्रकरणाचा उत्तरार्ध वेगळा आहे. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप सांगितली, आणि त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित करून आरोपीस नौदलाच्याच कोठडीत ठेवण्याचा हुकूम काढला. अटकेचे वॉरंट बजावणीविना परत आले. तो हुकूम सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारास छेद देतो तेवढ्यापुरता टिकणार नाही, हे सांगण्यासाठी सप्टेंबर १९६० मध्ये घटनापीठास निर्णय द्यावा लागला. माहिती देण्यात जी तत्परता दिसली ती माणूस हवाली करण्यात दिसली नाही. या दोन अर्ध्यांतील फरक हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

त्याच खटल्यात आणखी एक बारीकशी गोष्ट निघाली होती. पोलिसांच्या कागदात आपले नाव चुकीचे लिहिले गेल्याचे पाहून नानावटींनी ते दुरुस्त करून दिले होते. मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यास ते सुचले व साधले. देवळालीतील साध्या जवानास ते साधेल काय? येथील जवान कुमाऊँचा असतो, तमिळनाडूचा असतो, नागालँडचाही असतो. ठाण्यातील हवालदार त्याचे नाव कानाने ऐकून मराठीत लिहितो. पलटणीच्या दप्तरात तेच नाव इंग्रजीत असते. दोन नोंदींतील माणूस एकच आहे हे मग कोणी व कशावरून ओळखावे? कोर्ट मार्शलला शिक्षा ठरविताना आरोपीच्या पूर्वीच्या शिक्षा, मग त्या फौजदारी न्यायालयाच्या का असेनात, विचारात घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे. नाव जुळले नाही तर सराईत सुटतो, आणि भलत्याशी जुळले तर निरपराध बुडतो.

नोंद गळाल्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे अमेरिकेने २०१७ साली पाहिले. टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज या खेड्याच्या चर्चमध्ये एका माजी हवाईदल सैनिकाने गोळीबार करून २६ जणांचा बळी घेतला. पत्नी व सावत्र मुलास मारहाण केल्याबद्दल २०१२ साली त्यास कोर्ट मार्शलने शिक्षा दिली होती. ती नोंद हवाईदलाने देशाच्या मध्यवर्ती गुन्हे-दप्तराकडे पाठविली असती, तर दुकानदाराने त्यास बंदूक विकलीच नसती. ती पाठविण्याचे प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा आले आणि गेले. २०२१ साली तेथील न्यायालयाने या हत्याकांडाची साठ टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. विशेष म्हणजे, शिक्षा झालेल्या सैनिकांपैकी जवळजवळ तीन-दशांश जणांच्या बोटांचे ठसे मध्यवर्ती दप्तरात पोचतच नाहीत, असा इशारा संरक्षण खात्याच्याच तपासनिसांनी २०१५ साली दिला होता.

तथापि या उदाहरणावरून 'सर्व काही कळवा, सगळ्यांना कळवा' असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाई करील. त्याच अमेरिकेत याच्या उलटही घडले. सैन्यभरतीसाठी माणसे सुचविणाऱ्यांस बक्षीस देण्याची एक योजना २००५ ते २०१२ या काळात चालली. तीत गैरव्यवहार झाल्याच्या संशयावरून लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागाने शेकडो सैनिकांची नावे गुन्हेगारांच्या दप्तरात घातली. पुष्कळांवर कधी खटलाही झाला नव्हता. कोणाची बढती अडली, कोणाची नोकरी गेली; आणि २०२२ साली त्या विभागानेच कबूल केले की, यांतील कित्येक नोंदी करावयास नको होत्या. गळालेली नोंद परक्याचा जीव घेते आणि चुकीची नोंद आपल्याच शिपायाचा. शहाण्या कारभारास दोन्हींपासून जपावे लागते.

आपल्या सैन्यात तर शिस्तभंगाच्या लहानमोठ्या शिक्षा जवानाच्या वर्तनपत्रकावर लाल वा काळ्या शाईने लिहिल्या जातात. लाल शाईच्या नोंदीची धास्ती प्रत्येक पलटणीत असते. केवळ चार लाल नोंदी झाल्या एवढ्यावरून कोणास आपोआप सेवेतून काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बजावले. रजेवरून उशिरा परतणे हा पलटणीच्या शिस्तीचा प्रश्न होय, समाजाविरुद्धचा गुन्हा नव्हे. अशी नोंद शहराच्या गुन्हे-दप्तरात कदापि जाता कामा नये. शिस्तीचे दप्तर वेगळे, गुन्ह्याचे वेगळे. आणि ओलांडावयाची असेल ती फक्त दुसऱ्याची सीमा.

पोलीस ठाणी संगणकाच्या जाळ्याने जोडण्याची योजना केंद्राने २००९ साली मंजूर केली. पुढे पोलीस, न्यायालये, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी अभियोक्ते असे पाच खांब एकमेकांस जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. योजना स्तुत्य आहे. परंतु या पाच खांबांत लष्करी न्यायालयाची गणना नाही. २०२४ साली नवी फौजदारी संहिता लागू झाली, तीतही सैनिकांस हवाली करण्याची जुनी तरतूद कायम ठेवण्यात आली. जाळे नवे, वाट मात्र जुनीच राहिली.

यावर लष्कराच्या गुप्ततेचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. तोफा कोठे आहेत, पलटण कोठे निघाली, हे कोणा ठाण्याने विचारण्याचे कारण नाही. परंतु कोणावर कोणता आरोप होता आणि त्याचा निकाल काय लागला, यात राष्ट्राचे कोणते गुपित आहे? न्याय गुप्त राहिला की त्याच्यावरचा विश्वास उडतो, आणि तो विश्वास उडालेला कोणत्याही सेनापतीस परवडणार नाही.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. छावणीतून परत येणाऱ्या कागदास नियमानेच दिवसांची मर्यादा घालावी. सैनिकाविरुद्धच्या प्रत्येक फिर्यादीत नावाबरोबर त्याचा लष्करी क्रमांक अचूक लिहावा. महिन्यातून एकदा छावणीचा आणि पोलीस आयुक्तालयाचा अधिकारी समोरासमोर बसून दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. शिक्षा ज्या तत्परतेने नोंदविली जाते त्याच तत्परतेने निर्दोष सुटकाही नोंदवावी. आणि आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे पाहण्याचा व चूक असल्यास ती सुधारून मागण्याचा हक्क जवानास असावा. पहिल्या गोष्टीस दिल्लीची संमती लागेल, शेवटचीसही लागेल. परंतु अचूक क्रमांक लिहिणे आणि महिन्यातून एकदा वह्या ताडणे यांस दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. त्यास देवळाली आणि नाशिक यांच्यामधला दहा-बारा मैलांच्या आतला रस्ता आणि थोडी इच्छा एवढेच पुरे आहे.

छावणीच्या फाटकावर पहारा असतो तो शत्रूस अडविण्यासाठी. फिर्यादीचे कागद आणि निकालाचे कागद त्या फाटकाशी अडून राहिले, तर त्या पहाऱ्याचा उपयोग गुन्हेगारालाच होईल. आणि भोगावे लागेल ते फाटकाबाहेरच्या फिर्यादीस व फाटकाच्या आतल्या निरपराध जवानास, दोघांनाही सारखेच.