'करू नका' हे जपानीत कसं म्हणतात?

नेरुळला आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे : 'येथे गाडी लावू नये.' जपानी शिकायला लागल्यापासून ती दिसली की ओठांवर येतं, 'कोको नि कुरुमा ओ तोमेनाइदे कुदासाइ.' 'तोमेनाइ' म्हणजे 'लावत नाही', 'तोमेनाइदे' म्हणजे 'न लावता', आणि 'कुदासाइ' म्हणजे 'द्या'. नकार तर आहेच, पण समोरच्याकडे तो मागायचा आहे!

रूप करणं सोपं. 'नोमु' (पिणे) चं 'नोमानाइ'. फक्त 'सुउ' (सिगारेट ओढणे) इथे नवशिके हमखास अडखळतात. 'सुआनाइ' नव्हे, 'सुवानाइ'.

खरी अडचण पुढे आहे. पुस्तकात 'विनंती' म्हणून शिकवलेलं हे रूप डॉक्टर रुग्णाला वापरतो, शिक्षक मुलांना वापरतो. 'शिम्पाइ शिनाइदे कुदासाइ', काळजी करू नका, यात तर माया आहे. पण वरिष्ठाला किंवा ग्राहकाला हेच म्हटलं तर ती सूचना वाटते. तिथे लागतं 'नाइदे इतादाकेमासेन का'. 'इतादाकु' म्हणजे नम्रपणे स्वीकारणे. म्हणजे 'तुम्ही ते न करण्याची कृपा माझ्या पदरात पडणार नाही का?' मराठीत हे लांबलचक वाटेल, जपानीत तो रोजचा शिष्टाचार आहे.

जपानी पाट्यांवर तर अनेकदा नकारच गाळतात. 'गो-एन्र्यो कुदासाइ', म्हणजे कृपया टाळा. 'एन्र्यो' या शब्दाची दोन चित्राक्षरं आहेत, 'दूर' आणि 'विचार'. स्वच्छतागृहात 'नेहमी स्वच्छ वापरता, आभारी आहोत' अशी पाटी असते. घाण करू नका, हे न बोलता कळतं. धोक्याच्या जागी मात्र जपानीही आडपडदा ठेवत नाही. 'सावारु ना!' हात लावू नकोस, बस्स. तिथे तेच योग्य.

आपल्याकडेही ही उतरंड आहे : नको, नका, नये. 'नये'मध्ये 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणावंच लागत नाही, म्हणून पाटीवर ते शोभतं आणि तोंडावर म्हटलं की कोरडं वाटतं. तोंडी बोलताना आपण 'हं' जोडतो : 'विसरू नका हं.' जपानी माणूस तिथे 'ने' जोडतो : 'वासुरेनाइदे कुदासाइ ने.' मराठी माणसाला हा 'ने' शिकवावा लागत नाही.

हे बारकावे आता फक्त वर्गापुरते राहिलेले नाहीत. शिवडी ते न्हावा-शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, तो जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जाच्या मदतीने. जपानी माणसांशी कामाचा संबंध आता आपल्या दारात आला आहे. म्हणून वर्गाला जाणाऱ्यांना माझं सांगणं : 'नाइदे कुदासाइ' पाठ झालं की तिथे थांबू नका. 'इतादाकेमासेन का' त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या.