१०८ टाके आणि एक सही

जानेवारीतलं शिकागो म्हणजे मिशिगन सरोवरावरून येणारा बोचरा वारा, शून्याखाली उतरलेला पारा आणि सामन्यांविना रिकामं पडलेलं रिग्ली फील्ड हे जुनं मैदान. बेसबॉलचा हंगाम कधीच संपलेला असतो आणि ॲरिझोनाच्या उन्हात नव्या हंगामाचा सराव सुरू व्हायला अजून महिनाभर असतो. नेमक्या याच दिवसांत शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात निळ्या जर्सी घातलेली हजारो माणसं जमतात. आजोबा असतात, नातवंडं असतात, हनिमूनला जावं तशी खोली राखून आलेली जोडपी असतात. आणि बहुतेकांच्या पिशवीत एक कोरा पांढरा चेंडू असतो.

हे ‘कब्ज कन्व्हेन्शन’. शिकागो कब्ज या संघानं ते १९८६ साली पहिल्यांदा भरवलं. संघाच्या विपणनाचं काम पाहणारे जॉन मॅकडोनो यांची ती कल्पना. खेळ बंद असताना चाहत्यांना खेळाडूंच्या इतकं जवळ आणायचं, असा प्रयोग तोवर कुठल्याच संघानं केला नव्हता. पुढे मिनेसोटात ‘ट्विन्सफेस्ट’ सुरू झाला, सेंट लुईसमध्ये ‘विंटर वॉर्म-अप’ भरू लागला, आणि हिवाळ्यातला हा मेळावा बेसबॉलच्या जगात रुजला. शुक्रवारी संध्याकाळी खेळाडू एकेक करून व्यासपीठावर येतात. मग दोन दिवस गप्पा, प्रश्नोत्तरं, जुन्या आठवणी चालतात. एक पत्रकार परिषद तर फक्त मुलांची असते. मोठ्यांनी गप्प बसायचं, प्रश्न लहानांनी विचारायचे. माझ्या मते सगळ्या मेळाव्यातला हा सर्वांत सुंदर तास, कारण मोठे पत्रकार जे कधीच विचारत नाहीत ते इथे विचारलं जातं.

पण माणसं ज्यासाठी पहाटेपासून रांग लावतात ती गोष्ट म्हणजे सही.

एक साधा हिशेब करून पाहू. खेळाडू एका टेबलामागे तासभर बसला. चेंडू पुढे येतो, तो फिरवून जागा शोधायची, सही करायची, मान वर करून दोन शब्द बोलायचे, चेंडू परत द्यायचा. याला वीस सेकंद धरले तरी तासाला १८० माणसं होतात, त्याहून एकही जास्त नाही. हॉटेलात मात्र हजारो माणसं असतात. सभागृह मोठं घेता येतं, खुर्च्या वाढवता येतात, पडदे लावून मागच्यांना चेहरा दाखवता येतो. मनगट मात्र एकच असतं आणि त्याचा वेग वाढवता येत नाही. मेळाव्यातले सगळे नियम या एका अडचणीतून जन्मले आहेत. कुठे सोडत काढतात आणि नशिबात असेल त्याच खेळाडूसमोर उभं राहायला मिळतं. कुठे खेळाडूच्या नावानिशी वेगळं तिकीट विकतात. सेंट लुईसमध्ये अशा तिकिटांचे पैसे संघाच्या धर्मादाय संस्थेला जातात. बहुतेक ठिकाणी माणशी एकच वस्तू. ज्याला आपण गर्दीचं व्यवस्थापन म्हणतो ते इथे प्रत्यक्षात वीस सेकंदांची वाटणी असते.

आता तो चेंडू हातात घ्या. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो किंचित मोठा, पण वजनाला हलका; साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे कापलेले पांढऱ्या चामड्याचे दोन तुकडे एकमेकांत गुंफून लाल दोऱ्यानं शिवलेले असतात. १९७४ पर्यंत हे चामडं घोड्याचं असे, आता गाईचं असतं. मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेचे चेंडू कोस्टा रिकात बनतात, आणि शिलाई आजही हातानंच होते. एका चेंडूवर दुहेरी टाके १०८. जपमाळेच्या मण्यांइतके, हे मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येईल. कब्जच्या चाहत्यांना हा आकडा वेगळ्या कारणानं पाठ आहे. त्यांच्या संघानं १९०८ मध्ये वर्ल्ड सीरिज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली आणि नंतरची थेट २०१६ मध्ये. मधली वर्षं १०८! योगायोगच तो, पण तीन-चार पिढ्या वाट पाहिलेल्या माणसांनी चेंडू बोटांत फिरवत तो मोजला तर त्यांना नावं कोण ठेवील?

या चेंडूवर एक जागा अशी असते जिथे शिलाईच्या दोन ओळी एकमेकींच्या अगदी जवळ येतात. त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पांढऱ्या पट्टीला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. सगळ्या संघाच्या सह्या घ्यायच्या असतील तर प्रथेनं ही जागा मॅनेजरसाठी, म्हणजे मुख्य प्रशिक्षकासाठी, राखून ठेवतात. एकाच मोठ्या खेळाडूची सही हवी असेल तर ती इथेच घ्यायची. म्हणून जाणती मंडळी चेंडू देतानाच तो असा धरतात की ती पट्टी खेळाडूच्या डोळ्यांसमोर यावी. त्यानं चार सेकंद वाचतात, आणि ते सेकंद बोलण्याच्या खात्यात जमा होतात.

शाईची गोष्ट तर अधिकच नवलाची. जाड मार्कर चामड्यावर पहिल्या दिवशी झोकदार दिसतो, पण त्याची पातळ शाई चामड्याच्या तंतूंत शिरते आणि वर्षानुवर्षं पसरत राहते. अक्षरांच्या कडा फुगतात, धूसर होतात. म्हणून चेंडूसाठी साधं निळं बॉलपेन. त्याची तेलकट, घट्ट शाई जागची हलत नाही. बॉलपेनच्या टोकाला जेमतेम मिलिमीटरभर व्यासाची एक धातूची गोळी फिरत असते. म्हणजे एक इवलासा चेंडू दुसऱ्या चेंडूवरून घरंगळत जातो आणि मागे माणसाचं नाव ठेवून जातो.

फोटोवर मात्र सगळं उलटं. चकचकीत कागद शाई पीत नाही. बॉलपेन त्यावरून घसरतं किंवा नुसता ओरखडा उमटवतं. तिथे मार्करच लागतो, आणि सही फोटोतल्या उजळ भागावर घ्यावी लागते, नाहीतर ती गडद जर्सीत बुडून जाते. काळ्या बॅटवर चंदेरी पेंट पेन. अनुभवी चाहत्याच्या खिशात म्हणूनच तीन पेनं असतात, आणि टेबलापाशी पोचेपर्यंत हव्या त्या पेनाचं टोपण निघालेलं असतं.

सही म्हणजे नुसती वेडीवाकडी रेघ असून चालेल का, या प्रश्नाचं उत्तर मिनेसोटात मिळतं. हार्मन किलब्रू हा ट्विन्स संघाचा थोर फलंदाज, कारकिर्दीत ५७३ होमरन मारलेला. त्याची सही शाळेतल्या सुवाच्य अक्षरासारखी, एकेक अक्षर लावून वाचता येणारी. टोरी हंटर हा त्याच संघाचा पुढच्या पिढीतला खेळाडू. त्याची गिचमिड सही पाहून म्हाताऱ्या किलब्रूनं त्याला फैलावर घेतलं, हा किस्सा हंटरनंच अनेकदा सांगितला आहे. किलब्रूचं म्हणणं सरळ होतं: या खेळात इतकी वर्षं घालवायची, तर आपण कोण होतो हे लोकांना वाचता यायला हवं. तेव्हापासून हंटरची सही बदलली. त्या संघातल्या इतरही तरुणांनी हा धडा घेतला. चाहत्याचा सन्मान करायला मोठं भाषण लागत नाही, नावातलं प्रत्येक अक्षर पूर्ण काढलं तरी पुरतं, हे किलब्रूकडून शिकावं.

जिथे सहीला किंमत तिथे खोट्या सह्याही आल्याच. जुन्या काळी संघाच्या चेंडूवर खेळाडूंऐवजी कपडेखोलीतला नोकरच भराभर सगळ्यांची नावं लिहून मोकळा व्हायचा, अशी उदाहरणं आहेत. पण १९९० च्या दशकात हा उद्योग टोळ्यांच्या हाती गेला. सॅन दिएगो पाड्रेसच्या टोनी ग्विन या विलक्षण फलंदाजानं आपल्या नावाच्या खोट्या सह्या विक्रीला ठेवलेल्या पाहिल्या आणि तक्रार केली. एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ नावानं तपास केला, तेव्हा कॅलिफोर्नियातून देशभर पसरलेलं जाळं हाती लागलं. बनावट मालात बेसबॉलवर केलेली मदर तेरेसांची सहीसुद्धा निघाली! कोलकात्यात रुग्णांची सेवा करणाऱ्या त्या माउलीनं बेसबॉलवर सही केली असेल, हे खरं मानणारी गिऱ्हाइकं मिळतील अशी त्या टोळीला खात्री होती.

यातूनच मेजर लीगनं २००१ साली स्वतःची प्रमाणीकरण पद्धत सुरू केली. तिचं तत्त्व मला फार आवडतं: डोळ्यांनी पाहिलं असेल तरच शिक्का. सही होताना प्रमाणक शेजारी हजर असला पाहिजे; हे प्रमाणक बहुधा आजी-माजी पोलीस असतात. मग वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम लागतो, आणि तो क्रमांक कुणालाही तपासता येतो.

ज्या जुन्या सह्यांना साक्षीदार नाही, तिथे वस्तूच साक्ष देते. जुन्या पिढीतला थोर खेळाडू लू गेहरिग १९४१ मध्ये वारला. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं १९४५ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात. म्हणजे गेहरिगची बॉलपेननं केलेली सही कुणी दाखवली तर पुढचं काही तपासायलाच नको. दुसरं उदाहरण कब्जच्या घरातलं. ‘मिस्टर कब’ म्हणून ओळखला जाणारा एर्नी बँक्स २३ जानेवारी २०१५ ला गेला. मेजर लीगच्या चेंडूवर त्या-त्या वेळच्या आयुक्तांची छापील सही असते, आणि रॉब मॅनफ्रेड आयुक्तपदावर आले २५ जानेवारी २०१५ ला. दोनच दिवसांचं अंतर! मॅनफ्रेड यांची छापील सही असलेल्या चेंडूवर बँक्सची सही दिसली तर कुणीही दचकावं.

तिसरं उदाहरण सांगताना जीव हळहळतो. हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात निवडलेले खेळाडू सहीखाली त्या बहुमानाची आद्याक्षरं आणि वर्ष लिहितात. कब्जचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू रॉन सँटो याला ती आद्याक्षरं लिहायची फार आस होती. मधुमेहानं त्याचे दोन्ही पाय नेले, तरी रेडिओवरून तो सामन्यांत जीव ओतत राहिला. डिसेंबर २०१० मध्ये तो गेला, आणि त्याची निवड झाली डिसेंबर २०११ मध्ये. त्याच्या खऱ्या सह्यांपैकी एकीखालीही ‘२०१२’ हे प्रवेशाचं वर्ष असू शकत नाही. निवड समितीनं वर्षभर आधी शहाणपण दाखवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

फोटोंबद्दल थोडक्यात. सहीच्या रांगेत शेजारी उभं राहून फोटो काढायला वेळ नसतो. पुष्कळदा त्यासाठी वेगळी रांग असते. फोनचा कॅमेरा आधीच उघडून मागच्या माणसाच्या हाती द्यायचा आणि आपला फोटो झाला की त्याचा काढायचा, ही रांगेतली रीत. फोटोत दोघांचे चेहरे एका चौकटीत येतात, हे सहीला कधी जमत नाही. तरीही एकच निवडायचं झालं तर मी सही निवडीन. फोटोच्या हजार प्रती निघतात आणि त्या सगळ्या सारख्याच असतात. त्या चेंडूवरची रेघ मात्र एकाच वेळी, एकाच हातानं, समोर उभ्या असलेल्या एकाच माणसासाठी ओढलेली असते.

म्हणूनच सहीबरोबर आपलं नाव लिहून घ्यावं. बाजाराचा नियम असा, की नाव घातलेल्या चेंडूचा भाव उतरतो, कारण दुसऱ्याच्या नावाचा चेंडू कुणाला हवा असतो? नेमकं म्हणूनच अनेक खेळाडू आपण होऊन नाव विचारतात. नाव घातलं की चेंडू दुसऱ्या दिवशी विक्रीला जायची शक्यता कमी. चेंडू घरी आला की उन्हापासून दूर ठेवावा, खिडकीच्या कट्ट्यावर तर मुळीच नको, नाहीतर निळी शाई काही वर्षांत फिकी पडते. आणि शिकागोत वाढणारी एखादी ज्ञानेश्वरी किंवा हृषीकेश त्या रांगेत उभा असेल, तर त्याच्या आईबाबांनी मुलाचं नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एका चिठ्ठीवर लिहून चेंडूबरोबर द्यावं. वीस सेकंदांत स्पेलिंग सांगून होत नाही.