पर्समधल्या कॅप्सूल

कल्याणला जाऊबाईंची अक्कलदाढ काढली, तेव्हा मी डोंबिवलीहून भेटायला गेले ती पर्समध्ये तीन कॅप्सूल घेऊनच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून घरी आलेल्या आमच्या ह्यांना, लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या डॉक्सीसायक्लिनमधल्या उरलेल्या. बचत गटातल्या बायका मला अर्धी डॉक्टरच समजतात (खरं तर मी बी. ए.!), त्यामुळे सल्ला द्यायची खोडच लागलेली. "ताई, कॅप्सूल फोडून पूड जखमेत दाबा, पटकन भरेल," मी सांगून मोकळी. माहेरी खरचटलं की असंच करायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांचा रडवेला फोन. कानापर्यंत ठणका, तोंडाला वास, हिरडीवर पांढरा चट्टा. ठाण्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघितलं आणि विचारलं, "इथे काय भरलंत?" मी मान खाली घातली.

दाढ काढली की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचं झाकण, तिच्याच आधाराने नवं मांस भरतं. आम्ही बोटाने पूड दाबताना ती गुठळीच निसटली आणि आतलं हाड उघडं पडलं. शिवाय ही पूड आम्लधर्मी, तोंडातली नाजूक त्वचा भाजते. म्हणून तर ही कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर गिळायची असते. अन्ननलिकेत अडकली तर तिथेही जखम करते. अँटिबायोटिक जंतू मारतं, मांस भरत नाही, एवढी साधी गोष्ट मला पंचेचाळिशीत कळली.

मग ही औषधं वाईटच का? छे! पू झाला, ताप आला, सूज गालावर पसरली, तर ती हवीतच. मधुमेह असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर दाढ काढण्याआधीच सांगायचं. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनीही कधी तोंडात दह्यासारखी पांढरी बुरशी धरते. (ह्याच बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तयार झालं, हे वाचून मला भारी वाटलं होतं.) पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, २०१६ मध्ये सरकारने त्याची मोहीमच काढली होती. ती रेघ माझ्या तीन कॅप्सूलच्या पाकिटावरही होती.

डॉक्टरीणबाईंनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. पुढे नुसतं कोमट मिठाचं पाणी, तेही खळखळून नाही, हळूच तोंडात फिरवायचं. दाढ काढल्याच्या पहिल्या दिवशी तर चूळसुद्धा भरायची नसते.

जाऊबाई आता बऱ्या आहेत. पण मी पर्स उघडली की विचारतात, "आज काय आणलंयस गं?"