लोणार : वाटाड्याबरोबर एक दिवस

विदर्भांत किंवा मराठवाड्यांत कामानिमित्त जाणारे पुष्कळ लोक वाटेवर लोणारला उतरतात. कांठावर गाडी थांबते, मंडळी कठड्याशीं येऊन उभी राहतात, 'केवढा हा खड्डा!' असे उद्गार निघतात, दोनचार छायाचित्रें काढून होतात, आणि पाव तासानें गाडी मेहकरच्या किंवा जालन्याच्या रस्त्याला लागते. लोणार पाहून झालें, असें ही मंडळी पुढें सांगतात. वास्तविक त्यांनीं पाहिलेला असतो तो लोणारचा केवळ विस्तार. लोणार कळावयाचें तर एक सबंध दिवस आणि जागा जाणणारा वाटाड्या या दोन गोष्टी हव्यात. त्या दिवसांत वाटाड्यानें काय दाखवावें आणि पाहणाऱ्यानें काय विचारावें, हाच येथें विषय आहे.

लोणार हें बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील तालुक्याचें गांव. मेहकरपासून तें पंचवीसेक किलोमीटरवर आहे. आगगाडीनें येणारास जालना हें स्टेशन सोयीचें. तेथून सडकेनें सुमारें ९० किलोमीटर पडतात. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस सहलीला उत्तम. आदल्या रात्रीं मुक्कामास यावें आणि उजाडतांच निघावें. सरोवर व भोंवतालचा उतार वनखात्याच्या अभयारण्यांत मोडतो. तेव्हां आंत उतरण्याची वाट, वेळ व नियम आधीं विचारून घ्यावे. गांवांतील कांहीं तरुण माणसें वाटाड्याचें काम करतात. त्यांपैकीं जो देवळांबरोबर दगडही दाखवितो आणि आख्यायिका कोठें संपली व शोध कोठें सुरू झाला हें वेगळें करून सांगतो, तो चांगला वाटाड्या समजावा.

दिवसाचा पहिला तास कांठावर घालवावा. विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून कांठापासून खोली सुमारें १५० मीटर आहे. भोंवतालच्या शेतजमिनीपेक्षां हा कांठ सुमारें २० मीटर उंच आहे, ही गोष्ट वाटाड्यानें मुद्दाम दाखवावी. कारण साऱ्या कोड्याची किल्ली तेथें आहे. जमीन नुसती खचली असती तर कांठ असा उचलला गेला नसता. दख्खनच्या काळ्या खडकाचे थर एरवीं पुस्तकाच्या पानांसारखे आडवे पडलेले असतात. येथें मात्र ते कांठाशीं वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. चिखलाच्या गोळ्यावर जोरानें खडा मारला असतां खड्ड्याच्या कडा जशा उमलून बाहेर वळतात, तसा हा प्रकार आहे.

हा अर्थ लागावयास फार काळ जावा लागला. लोणारच्या खाराचा उल्लेख 'आइने-अकबरी'त आला असून काच व साबण यांसाठीं लागणारे पदार्थ येथें मिळतात, अशी नोंद त्यांत आहे. इ. स. १८२३ मध्यें अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या जागेकडे पाश्चात्त्यांचें लक्ष वेधलें. पुढें दीर्घकाळ हें ज्वालामुखीचें मुख असावें, अशीच समजूत होती. आणि ती अगदीं स्वाभाविक होती. सबंध दख्खनचा काळा खडक ज्वालारसाचाच, मग त्यांतील वाटोळें विवर दुसऱ्या कशाचें असणार? परंतु ज्वालामुखीच्या नळीची चिन्हें कांहीं सांपडेनात. अखेर तळाशीं भोकें पाडून पाहिलें, तेव्हां गाळाच्या थराखालीं फुटून चुरा झालेल्या खडकाचा जाड थर लागला. आणि त्यांत मास्केलिनाइट नांवाची एक काच मिळाली. खडकांतील फेल्डस्पार नांवाच्या खनिजावर अत्यंत मोठा दाब एकाएकीं पडला म्हणजे तें न वितळतांच काचेसारखें होतें. ज्वालामुखीच्या अंगीं एवढा दाब नसतो. आकाशांतून प्रचंड वेगानें येणारा पाषाणच तो निर्माण करूं शकतो. इ. स. १९७३ मध्यें हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि उल्कापाताची गोष्ट पक्की ठरली.

'मग तो दगड कोठें आहे?' असा प्रश्न सहलींतील मुलें हटकून विचारतात. उत्तर असें कीं, आघाताच्या उष्णतेनें त्याचा बहुतेक भाग वितळला, वाफ होऊन गेला किंवा चुऱ्यांत मिसळला. दगड नाहींसा झाला. त्याचा आघात तेवढा राहिला.

वयाविषयीं मात्र वाटाड्याला अवश्य विचारावें, कारण येथें दोन आकडे ऐकूं येतात. एका जुन्या पद्धतीच्या मोजणीनें विवराचें वय सुमारें ५०,००० वर्षें निघालें होतें, आणि तोच आकडा बहुतेकांच्या तोंडीं आहे. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें ठरलें. दोन्ही आकडे सांगून ते कोणत्या पद्धतीनें निघाले हेंही जो सांगेल, त्याचे शब्द विश्वासानें ऐकावे. ज्या खडकांत हें विवर पडलें तो खडक तर सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा आहे; त्या मानानें विवर कोंवळेंच म्हणावयाचें. उल्काविवरें जगांत इतरत्रही आहेत. पण बेसाल्ट या काळ्या खडकांत पडलेलें आणि इतकें सुस्थितींत राहिलेलें विवर फारच विरळा. चंद्रावरील काळीं मैदानें आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा असल्यामुळें परग्रहांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात.

आतां खालीं उतरावयाचें. कांठावर धार या नांवानें प्रसिद्ध असलेला गोमुखाचा झरा आहे. खडकाच्या थरांत मुरलेलें पाणी येथें बाराही महिने बाहेर पडतें. यात्रेकरू त्याखालीं स्नान करतात. हें पाणी गोडें आहे, हें लक्षांत ठेवावें. तेथून पुढें उतारावर झाडी लागते. वानरें व मोर बहुधा दिसतातच. घोरपडही एखादे वेळीं आडवी जाते. जसजसें खालीं जावें तसतशी झाडी विरळ होते. कांठालगत वेडी बाभूळ माजते आणि तळच्या गांवठी झाडांची जागा बळकावते, म्हणून वनखात्याला ती काढावी लागली आहे. त्यापलीकडे पाण्याची कड येते, आणि तेथें उग्र दर्प व हिरवट पाणी असें अगदीं निराळें जग सुरू होतें.

येथें घरून नेलेली एक साधी वस्तु उपयोगी पडते. हळद कालवून तींत टीपकागदाची पट्टी बुडवावी व वाळवून बरोबर न्यावी. धारेच्या पाण्यांत ती पिंवळीच राहते. सरोवराच्या पाण्याचा थेंब लागतांच ती तांबूस होते. हळदीचा डाग साबणानें धुवूं लागलें असतां तो लाल होतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. येथेंही घडतें तेंच; कारण दोहोंत खार आहे. शास्त्रज्ञ हा गुण सामू या मापानें मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. लोणारच्या पाण्याचा १० च्या आसपास मोजला गेलेला आहे. या मापाची एक पायरी म्हणजे दसपट, म्हणून तीन पायऱ्यांचा फरक हजारपटीचा होतो. असल्या पाण्यांत बहुतेक माशांचा निभाव लागत नाहीं. परंतु कांहीं सूक्ष्म वनस्पति व जंतु मात्र तेथेंच सुखानें नांदतात. पूर्वीं येथील खार गोळा करून विकला जाई, आणि त्याच्या निरनिराळ्या प्रतींना निरनिराळीं नांवें होतीं.

गोड्या झऱ्यांचें पाणी येऊन मिळत असतां सरोवर खारें कां? याचें उत्तर हा सबंध दिवसाचा गाभा आहे. सरोवराला पाणी येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची एकही नाहीं. पावसाचें व झऱ्यांचें पाणी काळ्या खडकांतून येतांना किंचित् क्षार विरघळवून आणतें. ऊन पाण्याला वर नेतें, क्षाराला नेत नाहीं. चुलीवर पातेलें आटत ठेवून त्यांत वरचेवर थोडथोडें पाणी घालीत राहावें, आणि पातेलें कधींही धुवूं नये, असा हा हजारों वर्षांचा व्यवहार आहे. खडकाच्या गुणामुळें सोड्याच्या जातीचे क्षार अधिक सांठले, म्हणून हें पाणी समुद्रासारखें नुसतें खारट न होतां साबणासारखें झालें.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे सरोवराचें नाजुकपणही उमगतें. जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें आणि देशभर त्याची चर्चा झाली. उन्हाळ्यांत पाणी आटून क्षार दाट झाले होते. खारांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नांवाच्या जंतूंची त्यांत भरभराट झाली व त्यांच्या अंगच्या रंगानें पाणी रंगलें, असा निर्णय पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासून दिला. त्याच वर्षीं पुढें सरोवराची रामसर पाणथळांच्या जागतिक यादींत गणना झाली. याउलट गोडें पाणी बेसुमार आलें म्हणजे खार पातळ होतो, पातळी चढते, आणि खारावर जगणारी सृष्टि बेघर होते. पाणी आटलें तरी बदल, वाढलें तरी बदल! यांत गांवचें सांडपाणी मिसळलें तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. कांठावर गांव वसलेलें असल्यामुळें हा प्रश्न खराच उद्भवला, आणि सरोवराच्या रक्षणाचें प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें.

बंद खोऱ्यांतील असलीं खारीं पाणी एरवीं रुक्ष प्रदेशांतच आढळतात. राजस्थानांतील सांभर सरोवर आपल्या परिचयाचें आहे. अमेरिकेंत डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांत समुद्रसपाटीखालीं ८६ मीटरवर मिठाचें पांढरें मैदान पसरलेलें आहे. उल्काविवरांचींही प्रसिद्ध उदाहरणें वाळवंटांतच सांपडतात. ॲरिझोनामधील विवर १.२ किलोमीटर रुंद आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील वुल्फ क्रीकचें विवर तर स्वतःच एक राष्ट्रीय उद्यान आहे. अशा ठिकाणीं जाणारास वाळवंटी प्रवासाचे नियम आपोआप पाळावे लागतात. लोणारला झाडी दिसते म्हणून ते विसरले जातात. परंतु दुपारीं या कटोऱ्यांत वारा अडतो, काळा दगड तापतो, आणि भोंवतीं एवढें पाणी असून त्यांतील घोटभरही पितां येत नाहीं. म्हणून प्रत्येकानें दोन लिटर पाणी, डोक्याला रुमाल किंवा टोपी आणि पायांत धड जोडा घ्यावा. चढण परतीच्या वेळीं, म्हणजे माणूस दमल्यावर, लागते. तेव्हां वृद्धांनीं व लहान मुलांनीं धारेपर्यंतच उतरावें आणि बाकीच्यांनीं अकरापर्यंत वर यावें. पाणी चढलेलें असतां पूर्वींच्या पायवाटा बुडतात; अशा वेळीं वाटाड्या 'पुढें नको' म्हणेल तर त्याच्याशीं हुज्जत घालूं नये.

पाण्याच्या कांठीं कमळजादेवीचें देऊळ आहे. नवरात्रांत तेथें भाविकांची गर्दी होते. उतारावर व तळाशीं आणखी कित्येक प्राचीन देवळें आहेत, त्यांपैकीं बरींच पडक्या स्थितींत आहेत. दुपारचा वेळ गांवांतील दैत्यसूदनाच्या देवळासाठीं ठेवावा. चालुक्यकालीन शिल्पाचा हा उत्कृष्ट नमुना आहे. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ति सावकाश पाहाव्या. लवणासुर नांवाचा दैत्य या विवरांत दडून बसला होता आणि विष्णूनें त्याचा वध केला, ही येथील आख्यायिका. दैत्याच्या नांवांतच 'लवण' आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वेळ उरल्यास जवळच्या लहान अंबर तळ्याकडे जावें. तेथील निद्रिस्त मोठा मारुती प्रसिद्ध आहे.

एवढें पाहून झाल्यावर वाटाड्याचा मोबदला ठरल्याप्रमाणें व खुशीनें द्यावा. ज्या गांवाला आपल्या सरोवराच्या ज्ञानावर चार घरें चालवितां येतात, त्या गांवाला सरोवर राखण्यांत स्वतःचें हित दिसूं लागतें. नुसत्या पाट्या लावून तें साधत नाहीं.

पाहुण्याचीही एक जबाबदारी आहे, आणि ती सरोवराच्या घडणीमधूनच निघते. वाहत्या नदींत टाकलेली घाण पुढच्या गांवास जाते. तें वाईटच, पण पावसाळ्यांत नदी स्वतःला धुवून तरी काढते. लोणारला ती सोय नाहीं. तेथें टाकलेली बाटली, पिशवी, साबणाचा फेंस हें सर्व तेथेंच राहतें, कारण त्या पाण्याला बाहेर जाण्याची वाटच नाहीं. तेथील दगड किंवा खाराचा खडाही आठवण म्हणून उचलूं नये. आकाशांतून आलेल्या एका पाषाणानें क्षणांत जें घडविलें आणि पाण्यानें लाखों वर्षें खपून ज्याला रूप दिलें, तें बिघडावयास तितका काळ लागत नाहीं. हळदीची पट्टी आपल्या खिशांत परत आणावी. तिच्यावरचा तांबूस डाग ही लोणारची पुरेशी खूण आहे.