भरीव लांकडाचें अमिश घरसामान

दुकानांत मांडलेलें टेबल पाहतांना गिऱ्हाइकाची दृष्टि प्रथम जाते ती त्याच्या चकाकीकडे. परंतु चकाकी म्हणजे कामाच्या अखेरीस फिरविलेला रोगणाचा हात. टेबल किती वर्षें टिकणार हें त्याच्या कितीतरी आधीं, लांकूड निवडतांना व सांधा कापतांना, ठरून गेलेलें असतें. अमेरिकेंतील अमिश सुतारांच्या कामाला जो लौकिक लाभला आहे त्याचें मर्म या साध्या गोष्टींत आहे. आणि असें सामान घेऊं इच्छिणाऱ्यानें शैलीचा विचार करण्यापूर्वीं तीच समजून घेणें हिताचें आहे.

१६९३ सालीं स्वित्झर्लंड व आल्सास या भागांतील ॲनाबॅप्टिस्ट ख्रिस्ती पंथांत फूट पडली. त्या वेळीं जे जेकब आमान याच्या मागें गेले त्यांना अमिश हें नांव मिळालें. अठराव्या शतकांत त्यांचीं कुटुंबें पेनसिल्व्हानियांत येऊं लागलीं. आज त्यांची संख्या सुमारें ४ लक्ष असून पेनसिल्व्हानिया, ओहायो व इंडियाना या राज्यांत त्यांची वस्ती सर्वांत अधिक आहे. सार्वजनिक तारेवरची वीज घरांत घ्यावयाची नाहीं, असा त्यांच्या बहुतेक मंडळ्यांचा नियम आहे. त्यावरून त्यांचे सुतार केवळ हातकरवतीनें काम करीत असतील अशी पुष्कळांची समजूत होते. पण ती बरोबर नाहीं. अनेक कारखान्यांत डिझेल एंजिनाच्या साह्यानें हवा दाबून भरतात आणि त्या हवेच्या जोरावर करवती व रंध्याचीं यंत्रें चालवितात. शेतजमीन महाग व अपुरी होऊं लागली तेव्हां, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अनेक कुटुंबें या धंद्याकडे वळलीं. ओहायोच्या होम्स परगण्यांत आज असे शेंकडों लहान कारखाने आहेत. कोणी केवळ खुर्च्या करतो, तर कोणी केवळ टेबलें.

भरीव लांकूड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लांकूड. भुशाच्या फळीवर चिकटविलेला पातळ पापुद्रा नव्हे. मात्र भरीव लांकडाचा एक स्वभाव आहे. झाड तोडल्यानंतरहि तें हवेंतील ओल घेतें व सोडतें. लांबीच्या दिशेनें त्यांत जवळजवळ फरक पडत नाहीं; रुंदीच्या दिशेनें मात्र तें दमट हवेंत फुगतें आणि कोरड्या हवेंत आकसतें. अमेरिकेंतील घरें हिवाळ्यांत तापविलेलीं असतात, त्यामुळें तेथें हा फेरफार दर वर्षीं घडतो. म्हणून चांगला सुतार भट्टींत वाळवून लांकडांतील ओल शेंकडा ६ ते ८ पर्यंत खालीं आणतो. कपाटाच्या दाराची मधली फळी तो सरसानें जखडून टाकीत नाहीं, चौकटीच्या खोबणींत मोकळी बसवितो. टेबलाची वरची फळी पायांना जोडतांना स्क्रूचीं भोंकें लांबट ठेवतो. लांकडाला हालावयास जागा ठेवली नाहीं, तर तें आपली जागा फुटून करून घेतें.

मग पारख करावी तरी कशी? प्रथम खण पूर्ण बाहेर ओढून त्याचे कोपरे पाहावे. कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दांत एकमेकांत गुंतलेले असले, तर तो सांधा ओढीला दाद देत नाहीं. खुर्चीच्या पायांत आडवी पट्टी जीभ काढून खोबणींत बसविली आहे, कीं केवळ खिळ्यावर अडकविली आहे, हें विचारावें. टेबलाच्या फळीच्या कडेला बोट लावून रेषा कशा उतरतात तें पाहावें. भरीव फळींत वरच्या रेषांचा संबंध कडेच्या रेषांशीं लागतो. पापुद्रा असेल तर तो कडेशीं तुटतो. खणाचा तळ व कपाटाची पाठ प्लायवूडची असणें हा दोष नव्हे, पण विक्रेत्यानें तें सांगितलें पाहिजे. वस्तूवर चिकटविलेली ‘अमिश’ ही चिठी म्हणजे पुरावा नव्हे.

लांकडाचा कठीणपणा मोजण्याची एक रीत आहे: पोलादी गोळी अर्धी रुतविण्यास किती पौंड जोर लागतो तें पाहतात. हिकरीला १८२०, कठीण मेपलला १४५०, पांढऱ्या ओकला १३६०, तांबड्या ओकला १२९०, काळ्या अक्रोडाला १०१० व चेरीला ९५० पौंड लागतात. मुलाबाळांच्या घरांत जेवणाच्या टेबलाला ओक किंवा मेपल बरें. चेरी व अक्रोड शयनगृहांत शोभतात. चेरी उजेडानें गडद होत जाते, अक्रोड उलट फिकट होतो. म्हणून पहिले कांहीं महिने फुलदाणी एकाच जागीं ठेवूं नये, नाहीं तर तेथें डाग उमटतो. ओंडक्याचे आधीं चार उभे भाग करून मग कापलेल्या पांढऱ्या ओकवर चमकदार पट्टे दिसतात. ही फळी साध्या कापाच्या फळीच्या सुमारें निम्मीच फुगते.

शैलींचीं नांवें ऐकून मात्र फसूं नये, कारण त्या मूळच्या अमिश नव्हेत. शेकर हा निराळाच पंथ. त्याची प्रमुख ॲन ली १७७४ सालीं अमेरिकेंत आली. निमुळते पाय आणि नक्षीचा अभाव हें त्या शैलीचें लक्षण. सरळ पट्ट्यांची भारदस्त मिशन शैली १९०० च्या सुमारास गुस्ताव्ह स्टिकली याच्यामुळें लोकप्रिय झाली. बांकदार पायांची क्वीन ॲन शैली इंग्लंडांतून आलेली. अमिश सुतार गिऱ्हाइकाला हवी ती शैली घडवून देतो. त्याचें स्वतःचें घर मात्र साधेंच असतें.

मांडणीचा पहिला नियम असा कीं, एका खोलींत एकाच वस्तूला यजमानपण द्यावें. मिशन शैलीचें वजनदार टेबल लहान खोलींत कोंडल्यासारखें होतें. तेथें शेकर बरी. टेबल व भिंत यांत निदान ३६ इंच अंतर असावें, म्हणजे खुर्ची मागें सरकते. माणशीं २४ इंच कड धरावी. दोन जातींचीं लांकडें एकत्र आणण्यास हरकत नाहीं. मात्र दोहोंच्या रंगांत एकच झांक असावी. पडदे व गालिचे साधे असावे, कारण लांकडाच्या रेषा हीच तेथील नक्षी असते. अंगावर थेट ऊन किंवा शेजारीं तापकयंत्र मात्र नको.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीं असें सामान मुंबईस आणावयाचें ठरविलें, तर पावसाळ्यांत खण घट्ट होतील हें ध्यानांत ठेवावें. लागलीच रंधा मारूं नये. हवा कोरडी झाली कीं ते बहुधा मोकळे होतात, आणि तासलेलें लांकूड परत येत नाहीं.

असें सामान स्वस्त नसतें. पण त्यावरचा ओरखडा घांसून काढतां येतो, सुटलेला सांधा पुन्हां सरसावतां येतो. भुशाची फळी एकदां पाण्यानें फुगली कीं तिला उपाय नाहीं. जादा किंमत जी द्यावयाची ती या दुरुस्तीच्या सोयीसाठीं. आणि ती सोय खरोखर आहे कीं नाहीं, हें खण ओढून पाहिल्याशिवाय कळत नाहीं.